शुभेच्छुकांच्या यादीतले दोन डॉक्टर

कोल्हापूर,
६ जानेवारी २०२५

प्रिय राजा,

तुझ्या अकरा-अकरा मिनिटांच्या तीन व्हॉइस नोटा आल्या. पहिलीत सात मिनिटं तू कुणाशी तरी वड्याच्या चटणीवरून वाद घालत होतास. ओपीडीत मला हे ऐकायला वेळ नाही, तेव्हा यापुढं जे सांगायचं ते कागदावर लिही. आमच्या वॉर्डातल्या चिमणाबाई हुपरीहून रोज एसटीनं येतात-जातात. त्या पत्र नेतील आणि आणतील. तू सध्या हुपरीत मित्राकडं पैंजणांचे रील करत पडला आहेस असं मावशी म्हणाली. म्हणूनच हे काम तुला सांगते आहे.

माझ्या टेबलावर निळ्या कव्हरचे गठ्ठे असतात, ज्यांवर तू चहाचा कप ठेवतोस, ते आमचं जर्नल. डॉक्टरांनी केलेलं संशोधन त्यात छापतो. सरोजिनी मॅडमनी एकतीस वर्षांपूर्वी ते सुरू केलं. त्या थकल्यावर संपादनाचं काम माझ्याकडं आलं. आता छापणं थांबलंय, फक्त इंटरनेटवर निघतं. परवा समितीची बैठक झाली. मागच्या अंकातला सर्वांत जास्त वाचला गेलेला लेख तेवीस वेळा उघडला गेलाय. त्यातल्या नऊ वेळा मीच. मार्चअखेरपर्यंत वाचक वाढले नाहीत तर जर्नल बंद करायचं ठरलंय. मॅडम नुसता चष्मा पुसत बसल्या. मला त्यांच्याकडं बघवलं नाही.

मोठी जर्नलं हल्ली आपले लेख समाजमाध्यमांवर साध्या भाषेत सांगतात, मग लोक मूळ लेखापर्यंत जातात. मी एक पोस्ट टाकून बघितली. दोन लाइक आले, त्यातला एक मावशीचा. तुला अडतीस हजार लोक बघतात, मिसळ खाताना का होईना.

सुरुवात डॉ. अंतराच्या लेखापासून कर. अंतरा माझी ज्युनिअर. तिनं हुपरीतल्याच चांदी कारागिरांच्या पायांवर काम केलंय. कागद निवडत बसायला सवड नाही, म्हणून त्या लेखाची सगळी फाईलच चिमणाबाईंबरोबर पाठवते. वाढवून सांगायचं नाही, कुठल्याही पेशंटचं नाव किंवा चेहरा दाखवायचा नाही, आणि मला दाखवल्याशिवाय काही टाकायचं नाही.

वेळेवर जेवत जा.

तुझी
पूर्णिमाआक्का


हुपरी,
११ जानेवारी

ती. आक्का,

नमस्कार. हात जोडूनच लिहायला घेतलं, पण मग पेन धरता येईना.

फाईल मिळाली. चिमणाबाईंनी ती मेथीच्या पिशवीतनं आणली, त्यामुळं तिसऱ्या पानाला अजून वास आहे. लगेच वाचायला बसणार होतो, पण कुरुंदवाडात एक जण जुनी राजदूत मोटारसायकल विकतोय असं कळलं म्हणून बघायला गेलतो. घ्यायची नव्हतीच. तिथं घाटावर एक बाबा म्हशी धूत होता आणि प्रत्येक म्हशीला तिच्या सासरच्या नावानं हाक मारत होता. म्हशीचं सासर म्हणजे काय, हे त्यानं मला सविस्तर सांगितलं. ते पुढच्या पत्रात. दोन दिवस तिकडं गेले.

मग वाचायला घेतली. दहावीला इंग्रजीत मी किती मार्क पाडलेत ते तुला ठाऊक हाय. एका पानाला चार तास लागले. शेवटी फाईल काखेत मारून शेजारच्या आकारामकाकांच्या चांदीच्या कारखान्यात जाऊन बसलो. कारखाना म्हणजे घराची पुढची खोली. सहा जण मांडी घालून पैंजणाच्या कड्या जोडतात, दिवस उगवल्यापासून. मी एकेक वाक्य माझ्या मराठीत सांगायचो, ते कड्या जोडत ऐकायचे. "पावलाच्या वरच्या अंगाला मुंग्या येतात, मग अंगठा उचलत नाही" एवढं वाचलं आणि सहातल्या चौघांचे हात थांबले. काकांनी उजवा पाय पुढं केला. वर्ष झालं, चालताना चप्पल निसटून मागं राहते. त्यांना वाटायचं, वय झालं.

"हे आमच्यावर लिवलंय व्हय?" काका म्हणाले. "मग आमालाच कसं कुणी सांगितलं न्हाय?"

आक्का, मी फाईल तोंडापुढं धरली. मी आपला मेथीचा वास घेत बसलो.

आता मथळे. आवडेल तो घे. 'पैंजणानं पाय गेला?' किंवा 'हुपरीचं हादरवणारं सत्य' किंवा 'डॉक्टरांनी सिद्ध केलं, मांडी घालणं धोक्याचं'. तिसरा माझा लाडका.

एक शंका. फाईलच्या मागं दोन माणसांनी चार-चार पानं लिहिलीत. तिसरा तक्ता पुन्हा करा, हा आकडा कुठनं आणला, हे वाक्य काढा. अंतराताईंना एवढं झापणारे हे कोण? आणि कशासाठी एवढं राबतात?

तुझा
राजवर्धन


कोल्हापूर,
१५ जानेवारी

प्रिय राजा,

तिन्ही मथळे रद्द. पैंजण घालणाऱ्याला काही होत नाही. बनवणारा तासन्‌तास मांडी घालून बसतो, त्यात गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस दबते आणि पाऊल बधिर होतं. 'सिद्ध केलं' म्हणायचं नाही, 'आढळलं' म्हणायचं. अंतरानं एकशे बारा कारागीर तपासले. एकतीस जणांना हा त्रास होता. त्यांना दर चाळीस मिनिटांनी उठून दोन मिनिटं चालायला सांगितलं. सहा आठवड्यांनी बावीस जणांना बरं वाटलं. एवढंच आहे, आणि एवढंच सांगायचं. आकारामकाकांना मात्र याच आठवड्यात ओपीडीत पाठव. वर्षभर अंगावर काढलंय, आणखी नको.

मागची पानं परीक्षकांची. लेख आला की तो त्या विषयातल्या दोन जाणकारांकडं जातो. ते फुकट वाचतात, चुका काढतात, लेखक दुरुस्त करतो, ते पुन्हा वाचतात. अंतराचा लेख दोनदा परत गेला, म्हणून तर तो असा उतरला. या माणसांचं नाव कुठं छापलं जात नाही, त्यांना कुणी धन्यवादसुद्धा म्हणत नाही. त्यांच्या घरच्यांनाही बहुधा ठाऊक नसतं ते काय करतात ते. पण ती नसती तर आमचं जर्नल एक दिवस चाललं नसतं.

मी उद्यापासून पाच दिवस नागपूरला परिषदेत आहे. आकडे लेखातलेच असतील तर पोस्ट मला न दाखवता टाकलीस तरी चालेल. दिवस थोडे आहेत.

म्हशीचं सासर मला कळलं नाही तरी चालेल.

पूर्णिमाआक्का


हुपरी,
२१ जानेवारी

ती. आक्का,

आधी बैस. उभी असशील तर बैस, बसली असशील तर चाळीस मिनिटांनी ऊठ.

पहिल्यांदा साधी पोस्ट टाकली, लेखाचं नाव आणि लिंक. चौदा लाइक. मी विचार केला, आपल्याकडं माणूस रस्त्यात थांबून वाचतो काय? तर चौकातलं डिजिटल, तो फ्लेक्सचा बोर्ड. वाढदिवसाचं असो, निवडीचं असो, मान वर करून तळाच्या शुभेच्छुकांपर्यंत सगळं वाचतो, कारण खाली आपल्या ओळखीचं कोण आहे ते बघायचं असतं. मग तसंच केलं. वर मोठ्या अक्षरात 'हार्दिक अभिनंदन'. मधे अंतराताईंचा फोटो. बाजूला तुझा, आपल्या अमितच्या लग्नातला, फेटा बांधलेला. त्याखाली तू दिलेले सगळे आकडे, एकही इकडचा तिकडं न्हाय, आणि 'आढळलं' हाच शब्द. खाली पिवळ्या पट्टीत: 'चाळीस मिनिटं झाली? उठा पावणं'.

रीलही केलं. आकारामकाकांच्या खोलीतले सहा जण, चेहरा कुणाचाच न्हाय, नुसते पाय. एक जण आतनं ओरडतो, उठा पावणं, आणि बारा पाय उठून दारापर्यंत जाऊन येतात. हुपरीत आता पोरं शाळेत बाईंना हेच ओरडतात.

आणि सगळ्यात भारी काम अजून सांगितलंच न्हाय. तुझं पत्र वाचून मला लई वाईट वाटलं होतं. एवढं राबायचं आणि नाव न्हाय, धन्यवाद न्हाय? तू संपादक म्हणून बोलू शकत नसशील, मी तर बोलू शकतो की. त्या दोन माणसांची नावं त्यांच्या पत्रांवर होतीच. कागलचे डॉ. अमरसिंह आणि कुरुंदवाडचे अण्णा डॉक्टर. दोघांचे फोटो शोधून काढले आणि तळाला गोलात बसवले: 'शुभेच्छुक, ज्यांनी हा लेख दोनदा परत पाठवून चांगला करून घेतला'. अमरसिंह डॉक्टरांचा गॉगलवालाच फोटो मिळाला, पण शोभतो.

चार दिवसांत साठ हजार लोकांनी बघितलं. तुमचा लेख चार हजारदा उघडलाय. डिजिटल छापणाऱ्या दोस्ताचा स्वतःचाच पाय बधिर होतो, त्यानं एक मोठं छापून एसटी स्टँडवर लावलं.

आता मॅडमना चष्मा पुसायला लागणार न्हाय.

तुझा
राजवर्धन


कोल्हापूर,
२३ जानेवारी

राजवर्धन,

पत्र मिळालं की पहिल्यांदा ती पोस्ट काढ. स्टँडवरचं डिजिटलही. मग पुढचं वाच.

परीक्षकाचं नाव गुप्त असतं. छापायला विसरतो म्हणून नव्हे, मुद्दाम. लेखकाला कधी कळू द्यायचं नसतं की आपला लेख कुणी तपासला. एकतीस वर्षांत एकदाही आमच्याकडून नाव बाहेर गेलं नव्हतं. आता ते साठ हजार लोकांना माहीत आहे, गॉगलसकट. अमरसिंह डॉक्टर आणि अंतरा दर शनिवारी एकाच शिबिरात शेजारी बसून पेशंट तपासतात. मागच्या शनिवारी दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. इतर परीक्षकांपैकी तिघांनी मला कळवलंय की यापुढं आम्हाला लेख पाठवू नका.

मी तुला रागवायला हवं, पण फाईल मी दिली. ती पानं काढून घ्यायला दोन मिनिटं लागली असती. न दाखवता टाक असंही मीच लिहिलं. ३ फेब्रुवारीला समितीची बैठक बोलावली आहे. त्यात मी संपादकपदाचा राजीनामा देणार आहे. त्यानंतर जर्नल राहील असं मला वाटत नाही. वाचक मिळाले आणि विश्वास गेला, तर वाचायला काही उरत नाही.

आकारामकाका येऊन गेले. नस तपासली. सुधारेल.

पूर्णिमा


हुपरी,
२८ जानेवारी

ती. आक्का,

पोस्ट त्याच मिनिटाला काढली. डिजिटल काढायला स्टँडवर गेलो तर तिथल्या रसवाल्यानं त्याची सावली करून घेतलेली. त्याला दुसरं कापड आणून दिलं आणि ते घडी घालून आणलं. माझ्या उशाला आहे.

नुसतं काढून काय होणार, म्हणून तुला न विचारता दोन्ही डॉक्टरांकडं जाऊन आलो. वाटेत कुठंही थांबलो न्हाय. हे तुला खोटं वाटेल, पण राजदूत अजून विकायची होती तरी थांबलो न्हाय.

कागलला अमरसिंह डॉक्टर एमआयडीसीतले कामगार तपासत होते. मला बाकावर बसवलं तीन तास. उठून चालायचीही सोय नव्हती, म्हणून मांडी घालून बसलो आणि माझाच पाय बधिर झाला. आत बोलावलं तेव्हा लंगडत गेलो. त्यांना वाटलं नाटक करतोय. मग सुई टोचून बघितली आणि पहिल्यांदा हसले. रागावले भरपूर. पण शेवटी म्हणाले, तिसरा तक्ता खरंच वाईट होता, आणि हे अंतराला आता तोंडावर सांगावं लागणार.

कुरुंदवाडला अण्णा डॉक्टरांच्या घरी काकींनी दार उघडलं. मी नाव सांगितल्याबरोबर मला आत ओढलं आणि बासुंदीची वाटी पुढं ठेवली. पोस्टमधला फोटो छापून फ्रिजवर लावलाय.

"वीस वर्षं मला वाटायचं, हे रोज संध्याकाळी आत बसून शब्दकोडी सोडवतात," काकी म्हणाल्या. "मी पोरांना गप्प बसवायची, आजोबांचं कोडं चाललंय म्हणून."

मला वाटलं, चला, एक तरी माणूस खूष हाय. तेवढ्यात अण्णा आतनं आले. पंच्याहत्तरीचे असतील. बासुंदी संपेपर्यंत थांबले आणि मग म्हणाले, "ती खूष आहे म्हणून ते बरोबर ठरत नाही. माझं नाव झाकलेलं असतं म्हणून मी खरं लिहितो. उद्या तुझ्या आक्काचा लेख आला आणि तो वाईट असला, तर मी काय करायचं? ती मला दर दिवाळीला फोन करते."

परत येताना एसटीत तेच डोक्यात. हुपरीत उतरून आकारामकाकांना सांगितलं. ते जराही चकित झाले न्हाईत. म्हणाले, आमच्यात टंच काढतात तसंच की. चांदी किती शुद्ध हे बघायचं असलं की तुकडा टंचवाल्याकडं जातो, सोबत चिठ्ठी, चिठ्ठीवर नुसता नंबर. माल कुणाचा ते त्याला सांगत न्हाईत आणि कुणी तपासला ते आपण विचारत न्हाय. पावण्याचा माल आहे असं कळलं की हात सैल पडतो, वैऱ्याचा असला की घट्ट होतो.

आक्का, तू हे मला आधी सांगितलं असतंस तर मी त्या नावांना हात लावला नसता. म्हणजे सांगायला पाहिजे होतंस असं न्हाय, मीच विचारायला पाहिजे होतं.

आता मला एक रील टाकायचंय. माझा चेहरा, माझं नाव. बोलणार एवढंच:

'मी राजवर्धन. मागच्या पोस्टमध्ये मी दोन डॉक्टरांची नावं टाकली, ती टाकायची नव्हती. चूक माझी. डॉक्टरांचा लेख छापायच्या आधी त्याचा टंच काढतात. काढणारा कोण ते कुणाला सांगत नाहीत, म्हणून तर टंच खरा निघतो. त्या दोघांची मी माफी मागतो. पायाचे आकडे खरे आहेत, कारण ते असे तपासलेले आहेत. चाळीस मिनिटं झाली असतील तर उठा.'

तू हो म्हणेपर्यंत टाकणार न्हाय. चिमणाबाई उद्या तुझ्या डोक्यावर बसून उत्तर आणणार म्हणाल्यात.

राजवर्धन


कोल्हापूर,
२९ जानेवारी

राजा,

'चूक माझी'च्या जागी 'चूक माझी आणि संपादकांची' कर. बाकी एक अक्षर बदलू नकोस.

टाक.

आक्का


कोल्हापूर,
४ फेब्रुवारी

प्रिय राजा,

काल बैठक झाली. चिमणाबाईंना सगळं तोंडी सांगितलं होतं, पण त्यांनी तुला काय सांगितलं असेल याची मला भीती वाटते, म्हणून लिहिते.

सरोजिनी मॅडम आल्या होत्या, चौऱ्याऐंशीच्या आहेत तरी जिना चढून. मी राजीनामा वाचून दाखवला आणि मांडीवर धरून बसले. मग एकेकानं मला सुनावलं, रीतसर. त्यात खोटं काही नव्हतं. तुझं रील मोबाईलवर लावलं. ते सव्वा लाख लोकांनी बघितलंय. पहिल्या पोस्टपेक्षा दुप्पट, आणि त्यात कुणाचा फेटाही नाही. एक सदस्य म्हणाले की परीक्षण म्हणजे काय हे ते पंचवीस वर्षं विद्यार्थ्यांना शिकवतात, पण टंच त्यांना सुचला नाही. आठवड्याभरात हुपरीहून सेहेचाळीस जण पाय दाखवायला आले हे अंतरानं सांगितलं. ती आणि अमरसिंह डॉक्टर शेजारी बसले होते. तिसऱ्या तक्त्यावरून कडाक्याचं भांडले, आता बोलतात.

तरी निर्णय काही होईना. विश्वासाचं काय, हा प्रश्न फिरून फिरून येत होता. बोलता बोलता मॅडमनी घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, "चाळीस मिनिटं कधीच झाली. उठा पावणं."

राजा, अकरा डॉक्टर उठले आणि टेबलाभोवती फेऱ्या मारू लागले. राजीनामा खुर्चीवर ठेवून मी उठले तर माझा डावा पाय झोपलेला. खुर्चीला धरून उभी राहिले, मग लंगडत त्यांच्यामागं निघाले. फिरता फिरता माणसं वेगळी बोलतात असं दिसतं. ज्यांनी आता लेख पाठवू नका म्हणून कळवलं होतं, त्यांतल्या दोघांनी तुझ्या रीलनंतर पुन्हा पाठवा म्हणून लिहिलंय हे सांगायचं मला तेव्हा सुचलं. तिसऱ्या फेरीला ठरलं, जर्नल आणखी एक वर्ष चालवायचं. मी संपादक राहायचं, पण माझी चूक इतिवृत्तात नोंदवायची. परीक्षकांची पत्रं कुलपात, किल्ली माझ्याकडं नाही. अमरसिंह आणि अण्णा डॉक्टरांकडं वर्षभर लेख पाठवायचे नाहीत. काकींचा मला फोन आला होता, आता हे संध्याकाळी घरात काय करणार म्हणून.

परत जागेवर आले तर राजीनामा खुर्चीवर नव्हता. मॅडमनी त्याची बारीक घडी घालून डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली होती. टेबल आता हलत नाही.

तुझ्यासाठीही एक ठराव आहे. पुढचे लेख तूच सांगायचे. पण तुझी प्रत्येक पोस्ट आधी दोन जणांकडं जाईल. ती कुणाची हे त्यांना कळणार नाही, आणि ते दोघं कोण हे तुला. तयार आहेस का?

तुझी
आक्का


कुरुंदवाड,
१ मार्च

ती. आक्का,

तयार होतोच. माझ्या दम्यावरच्या पोस्टचा टंच काल मिळाला, चिमणाबाईंनी आणला, या वेळी मेथी नव्हती. पहिल्या परीक्षकाचं म्हणणं, विनोद कमी करा. मी दोन काढले, एक ठेवला, कारण तो चांगला हाय.

दुसऱ्यानं पोस्ट परत पाठवलीय. म्हणे, छापण्याजोगी नाही. लेखकानं मूळ लेख शेवटपर्यंत वाचलेला दिसत नाही, मधेच म्हशींवर घसरला आहे. मला राग आला. मग लेख शेवटपर्यंत वाचला. आक्का, मी खरंच वाचला नव्हता. शेवटच्या पानावरच मुख्य गोष्ट होती. आता पुन्हा लिहिलंय, सोबत पाठवतो. म्हशी काढल्या.

एवढं चांगलं मला आजवर कुणी झापलं न्हाय. शाळेतही न्हाय. एकेका वाक्यापुढं बारीक अक्षरात, जसं कुणी रिकाम्या चौकोनात एकेक अक्षर बसवतंय.

त्या कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर एक पिवळट डाग आहे. वास घेऊन बघितला. वेलदोडा आणि जायफळ. मी सध्या कुरुंदवाडातच राजदूत बघायला आलोय, आणि ते बासुंदीचं घर इथनं दोन गल्ल्यांवर हाय. धन्यवाद म्हणायला जावं असं फार वाटलं. कोपऱ्यापर्यंत गेलो पण.

परत आलो, आक्का. कागद कुणी लिहिला ते मला माहीत न्हाय.

तुझा
राजवर्धन